तारापूरच्या समुद्राखालची जमीन

पालघर म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर काय येते? बोईसरची एमआयडीसी आणि तिथल्या पाळ्या, तारापूरचे अणुवीज केंद्र, सातपाटीचे पापलेट, डहाणूचे चिकू आणि अलीकडे वाढवणचे बंदर. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना नालासोपाऱ्याचा स्तूप आठवतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उघडला आणि त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. सहलीला निघालेली आपली कुटुंबे सोपाऱ्याला उतरतात, वंदना घेतात, डबे उघडतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. चांगलेच आहे. पण अशोकाला होऊन सव्वादोन हजार वर्षे झाली. त्याच्या आधी या भागात माणूस नव्हता काय? होता, फार आधीपासून होता. त्याच्याजवळ लिपी नव्हती म्हणून त्याचा शिलालेख नाही. त्याने फोडलेले दगड मात्र आहेत.

त्या माणसाचा माग काढावा म्हणून आम्ही पाच-सहा कुटुंबे एका रविवारी सोपाऱ्याच्या पुढे गेलो. निम्मी मंडळी बोईसरचीच, कारखान्यांत काम करणारी. उरलेली मुंबईकडून डहाणू लोकलने आलेली. ही लोकल २०१३ साली सुरू झाल्यापासून विरारच्या पुढचा प्रवास पुष्कळ सोपा झाला आहे. अर्थात, बसायला जागा मिळेल असे आम्ही कोणाला सांगणार नाही.

पहिली गोष्ट गाडीतच दाखवावी लागली, आणि ती म्हणजे कांदिवली. रोज लाखो माणसे या स्टेशनावरून जातात, पण कोणी खिडकीतून मान बाहेर काढून पाहत नाही. पाहण्यासारखे आता राहिलेलेही नाही, सगळ्या इमारती झाल्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत बॅकबेचा समुद्र बुजवायचा होता. त्यासाठी कांदिवलीच्या पूर्वेची टेकडी फोडली आणि तिथली माती-दगड वाहून न्यायला खास रुळांचा फाटा टाकला. याच परिसरात के. आर. यू. टॉड नावाचा एक आरमारी अधिकारी सुट्टीच्या वेळात हिंडत असे. ओढ्यांचे काठ आणि खणलेल्या मातीचे उभे थर तो बारकाईने न्याहाळी. त्या थरांत त्याला माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली. खालच्या थरांत मोठी, हातात धरायची. वरच्या थरांत बारीक, नखाएवढी. १९३२ आणि १९३९ साली त्याने यावर लेख लिहिले, आणि साष्टीच्या किनाऱ्यावरच्या बारीक हत्यारांवर १९५० साली आणखी एक. थरांच्या वयाबद्दल पुढे विद्वानांत वाद झाले. पण हत्यारे खरी होती. मुंबईत अश्मयुगीन माणूस राहून गेला, हे जगाला कळले ते एका टेकडीची माती रेल्वेने समुद्रात ओतली जात असताना. कोणीतरी तिथे पाहत उभे होते म्हणून कळले.

ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे वाढवणला तिची गरज पडणार आहे.

विरार गेले, वैतरणेचा पूल गेला, सफाळे, केळवे रोड, पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला सपाट जमीन आणि तिच्या पलीकडे समुद्र. डोंगर काळ्या कातळाचे आहेत, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या तप्त रसाचे. या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, लालसर जास्पर असे कठीण खडे तयार होतात. ते फोडले की काचेसारखी धार निघते. अश्मयुगातल्या माणसाला हा माल फार मोलाचा होता. काळा कातळ रस्त्याच्या खडीला चांगला, पण बारीक पाती काढायला अकीकच हवा, हे ज्ञान त्याला होते. आपल्याकडे टर्नर-फिटर मंडळी आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कुठल्या कामाला कुठला माल, हे ज्याला कळते तो कारागीर.

कोकणातल्या या आदिकाळावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून काम झाले आहे. स्टातिरा गझदर यांचा कोकण किनाऱ्याचे प्राचीन पर्यावरण आणि अश्मयुगीन संस्कृती या विषयावरचा ग्रंथ १९८० साली आला. समुद्र कधी पुढे आला, कधी मागे गेला आणि त्यानुसार माणूस कुठे राहिला, अशा अंगाने हा अभ्यास आहे. कोकणच्या दक्षिण भागात अलीकडे कातळशिल्पांचा मोठा बोलबाला झाला. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्याच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसे अशी प्रचंड चित्रे खोदलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून ती शोधली आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही मंडळी काही सरकारी पुरातत्त्व खात्याची नव्हेत. गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत गेली आणि त्यांनी सांगितले. आपल्या पालघरकडे जांभ्याचे तसे अफाट सडे नाहीत, तेव्हा तशी चित्रे शोधत फिरण्यात अर्थ नाही. इकडची गोष्ट निराळी आहे, आणि ती समुद्रात आहे.

बोईसरला उतरून आम्ही रिक्षांनी तारापूर ओलांडले आणि खाडीवरच्या पुलाने चिंचणीला पोहोचलो. एमआयडीसीचा वास नाकातून जायला थोडा वेळ लागला. चिंचणीला सुरूचे बन आहे आणि पुढे लांबलचक वाळू. ओहोटी लागलेली होती. उत्तर कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे पाणी पाहता पाहता दूर जाते. मुले ओरडत पाण्याच्या मागे धावली. आमच्याबरोबरच्या एका आजीबाईंनी विचारले, "काय हो, हा समुद्र असाच मागं मागं गेला तर कुठवर जाईल?"

त्यांनी सहज विचारले, पण हाच तर आमचा विषय होता.

समुद्र एके काळी खरोखरच मागे गेलेला होता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याहून फार थंड होती. युरोप-अमेरिकेच्या उत्तरेला मैल-दीड मैल जाडीचा बर्फ साचला होता. ते सगळे पाणी आले समुद्रातूनच. त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली उतरली होती. आता आपल्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य पाहा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर पाण्याखाली जो उथळ पट्टा आहे, तो केरळकडे अरुंद आणि मुंबई-दमणच्या समोर सर्वांत रुंद, अडीचशे ते तीनशे किलोमीटर. म्हणजे त्या काळी चिंचणीच्या या वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्र दिसलाच नसता. समुद्र गाठायला त्याला पश्चिमेकडे कित्येक दिवस चालावे लागले असते. मधे सगळी जमीन. सूर्या आणि वैतरणा या नद्या आज जिथे खाडीला मिळतात तिथे त्या संपत नव्हत्या, त्या मैदानावरून आणखी पुढे वाहत होत्या.

हे पटायला जड जाते. मुलांना पटावे म्हणून आम्ही बॉम्बे हायचे उदाहरण दिले. १९७४ साली तेल लागले ती ही जागा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे, आणि तिथे पाण्याची खोली आहे फक्त ७५ मीटरच्या आसपास. समुद्र १२० मीटर खाली होता तेव्हा ती जागा कोरडी होती. आज जिथे ओएनजीसीचे कामगार हेलिकॉप्टरने ड्युटीवर जातात, तिथे त्या काळचा माणूस पायी जाऊ शकत होता.

मग बर्फ वितळू लागला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी समुद्रतळाचे नमुने काढून आपल्या पश्चिम किनाऱ्याचा हिशेब मांडला आहे. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे शंभर मीटर खाली होता. पुढे तो वर चढत गेला. दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात तर फारच वेगाने चढला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या रेषेजवळ येऊन थांबला. जमीन सपाट असली की पाणी थोडे चढले तरी आत फार येते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे किनारा सोडून पूर्वेकडे सरकत राहिली असणार. विस्थापित हा शब्द तारापूर-बोईसरला नवा नाही. अणुवीज केंद्राच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्या गावांतली माणसे अजून ती आठवण सांगतात. इथल्या पहिल्या विस्थापितांना समुद्रानेच उठवले होते.

हा काळ मुलांच्या डोक्यात कसा भरवावा? हजार आणि लाख हे आकडे ऐकून मुले माना डोलावतात आणि विसरतात. आमच्यातल्या एका शिक्षिका ताईंनी युक्ती काढली. एक पाऊल म्हणजे एक हजार वर्षे. पाण्याच्या कडेला वाळूत रेघ मारली आणि सर्वांना किनाऱ्याने चालायला लावले. दोन पावले आणि तिसऱ्याचा पाव, तिथे अशोक. साडेचार पावलांवर हडप्पा-मोहेंजोदडोची नगरे. सात पावलांवर समुद्र आजच्या जागी पोहोचला. विसाव्या पावलावर तो १२० मीटर खाली. आफ्रिकेतून निघालेल्या आपल्यासारख्या माणसांची मुख्य पांगापांग साठ-सत्तर पावलांच्या आसपास. त्यांतले काही हिंदी महासागराच्या कडेकडेने पूर्वेला गेले असे अनेक संशोधकांचे मत आहे, आणि ते बरोबर असेल तर ती वाट आज आपल्यासमोर पाण्याखाली आहे. तीनशे पावलांवर मोरोक्को देशातल्या जेबेल इरहूदची माणसे, आपल्या मानवजातीचे आजवर मिळालेले सर्वांत जुने अवशेष. त्यांचे हे वय २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीनशे पावलांवर लहान मुले खाली बसली. चार मोठे पोरगे मात्र मोजत मोजत पंधराशेपर्यंत गेले. तिथून ते ठिपक्यांसारखे दिसत होते. पंधराशे पावले म्हणजे पंधरा लाख वर्षे. चेन्नईजवळ अत्तिरमपाक्कम येथे शांती पप्पू यांच्या पथकाला सापडलेल्या हातकुऱ्हाडी एवढ्या जुन्या निघाल्या, हे संशोधन २०११ साली जाहीर झाले. त्या कुऱ्हाडी करणारा माणूस आपल्याहून निराळ्या, आपल्या आधीच्या प्रकारचा होता. त्याच्या हाडांचा मोठा पुरावा आपल्या देशात फारसा नाही. १९८२ साली मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना सापडलेली कवटी प्रसिद्ध आहे, तीही काठावर मिळाली.

"मग माकड कुठल्या पावलावर?" एका मुलाने विचारले. पोरांत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चिंपांझी हा आपला आजा नव्हे, चुलत भाऊ. दोघांचा आजा एकच, आणि तो साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे सहा-सात हजार पावले; वाळू सोडून बोईसरच्या रस्त्याला लागावे लागले असते. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला होता. आपल्या राज्य मंडळाचे २०१८ साली आलेले दहावीचे पुस्तक उघडा, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. पालकांनी तो मुलांबरोबर एकदा वाचावा. अवघड नाही.

इथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही जेवायला बसलो होतो तिथे शेजारी सहलीला आलेला दुसरा एक घोळका होता. डोक्यावर मोळ्या घेऊन जाणाऱ्या आदिवासी बायांकडे बोट दाखवून त्यांतला एक मनुष्य आपल्या मुलाला म्हणाला, "बघ, आदिमानव." मुलगा हसला. आमच्यातल्या बायकांनी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले, ते इथे छापत नाही. पण त्या माणसाला शास्त्रही ठाऊक नव्हते. आदिमानव कोणा एका जमातीच्या घरात शिल्लक राहिलेला नाही. वारली बाई असो, मुंबईचा शेअर दलाल असो की कारखान्याचा मालक, प्रत्येकाच्या मागे तेवढीच पावले आहेत, एकही कमी नाही. कोणी मागे थांबले आणि कोणी पुढे गेले, असा उत्क्रांतीचा अर्थच नाही. वारली चित्रांबद्दलही अशीच भोंगळ विधाने ऐकू येतात, की ही दहा हजार वर्षांची कला. मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र दहा पावसाळेही टिकत नाही, त्याचे वय हजारांत मोजायला पुरावा कुठला? आणि त्याची गरज तरी काय? गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्यांच्या हातातल्या कलेसाठी. जिवंत माणसाच्या कलेला फार जुनी म्हणायचे आणि माणसाला म्युझियममधली वस्तू करून टाकायचे, हा मान नव्हे.

माणसांची डोकी आणि नाके मोजून कोण उच्च, कोण नीच ते ठरवण्याचा उद्योग इंग्रजी अमदानीत जोरात होता. बाबासाहेबांनी ती मोजमापे टाळली नाहीत, हातात घेतली. अस्पृश्य मूळचे कोण यावरच्या १९४८ सालच्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचे तक्ते तपासले आणि दाखवून दिले की, ही मोजणी शास्त्र म्हणून खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमरावांनी निबंध वाचला होता. भारतातले लोक मिश्र आहेत, आणि जातीचे मूळ आपल्या आपल्यातच लग्ने लावण्याच्या बंधनात आहे, असा त्याचा गाभा. जवळपास शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या डीएनएवरून हिशेब काढला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात जवळजवळ सर्व समूहांची सरमिसळ होत होती, आणि नंतर ती थांबली. वाळूवरच्या आमच्या मोजणीत ते थांबणे दुसऱ्या पावलाच्या अलीकडे येते. त्याच्या मागे तीनशे पावले पसरलेली.

जेवण झाल्यावर आम्ही उत्तरेकडे पाहत बसलो. चिंचणीच्या वर वरोर, त्याच्या वर वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आणि दहा किलोमीटरहून लांब बंधारा. त्यासाठी दमणजवळच्या समुद्रतळातून वाळू उपसून आणायची योजना आहे. मच्छीमार बांधवांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. रोजगार हवा म्हणणारी तरुण मुलेही आहेत, आमच्यातही होती, आणि रिक्षात यावरून चांगलीच जुंपली. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण जी वाळू उपसली जाईल ती कुठली, हे आपण आत्ताच पाहिले. ती त्या बुडालेल्या मैदानाची आहे.

अशा वाळूत काय सापडते, हे इतर देशांनी पाहिले आहे. इंडोनेशियात जावा बेटावर सुराबाया शहराजवळ बंदरासाठी कृत्रिम बेट तयार केले, तेव्हा शेजारच्या मदुरा सामुद्रधुनीतून वाळू उपसून टाकली. २०१५ साली हारोल्ड बेर्ग्युईस नावाचे एक डच संशोधक त्या भरावावर हिंडून वाळूतली हाडे वेचू लागले. सहा हजारांवर जीवाश्म निघाले, ३६ जातींच्या प्राण्यांचे. आणि त्यांत माणसाच्या कवटीचे दोन तुकडे. ही माणसे होमो इरेक्टस या प्राचीन प्रकारची, सुमारे एक लाख चाळीस हजार वर्षांपूर्वीची, असे २०२५ साली जाहीर झाले. समुद्र खाली गेला असताना तिथे नदी वाहत होती. तिच्या काठी ही माणसे कासवे मारीत आणि गुरांसारख्या मोठ्या जनावरांची हाडे फोडून मगज खात, कारण हाडांवर तशा खुणा आहेत. बुडालेल्या त्या जमिनीवरचा माणसाचा हा पहिला पुरावा. बंदर थांबले नाही आणि पुरावाही मिळाला.

हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदराने तर आधीच काळजी घेतली. २००८ ते २०१३ या काळात समुद्र भरून बंदर वाढवले, तेव्हा गोदी खोल करायच्या जागी सुमारे वीस मीटर पाण्याखालचा गाळ यंत्राने उचलून चाळण्यांतून चाळला. त्यात जळकी हाडे, गारेच्या कपच्या, माशांचे काटे मिळाले, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या तळाचे. वाळू टाकून झालेल्या नव्या किनाऱ्यावर तिथली कुटुंबे मुलांना घेऊन जातात आणि हत्तीच्या पूर्वजभावाचे, मॅमथचे दात वेचून आणतात. याच समुद्रात १९३१ साली इंग्लंडच्या एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात चिखलाचा गोळा आला होता. खलाशाने तो फोडला तर आत शिंगाचे काटेरी टोक, भाल्याचे. समुद्राखाली माणसे राहत होती हे युरोपात पटले ते तिथून. सातपाटीचे, दांडीचे, वरोरचे नाखवा जाळ्यात दगड-लाकूड आले की वैतागून फेकून देतात. फेकण्याआधी क्षणभर पाहावे, एवढेच म्हणणे.

मात्र सापडले की लगेच डंका पिटू नये. २००१ साली खंभातच्या आखातात पाण्याखाली प्राचीन नगर सापडल्याची मोठी घोषणा झाली. तळातून वर ओढलेल्या लाकडाच्या तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षे आले, म्हणून नगरही तेवढेच जुने असे सांगितले गेले. जाणकारांना ते पटले नाही. लाकूड नदीबरोबर कुठूनही वाहत येते. त्याचे वय हे नगराचे वय होत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावी कुकडी नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेबरोबर दगडी हत्यारे मिळाली आहेत. त्या राखेचे वय कोणी चौदा लाख सांगतो, कोणी साडेसहा लाख, तर कोणी पाऊण लाख. भांडण चालले आहे आणि चालू द्यावे, पुरावा पाहून मत बदलणाऱ्यांचे ते भांडण आहे.

वाढवणला भराव होईल तेव्हा डंपर चालवणारे, ड्रेजरवर काम करणारे, मुरूम भरणारे कोण असतील? आपलीच आणि शेजारच्या आदिवासी पाड्यांतली मुले. भरावाची वाळू काही ठिकाणी चाळून पाहण्याची सोय आणि तिथे पुरातत्त्वाचा एक जाणकार, एवढी मागणी बंदराच्या बाजूच्या माणसाला करता येईल आणि विरोधातल्या माणसालाही. ७६ हजार कोटींत चाळणीचा खर्च तो किती?

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. बोईसर स्टेशनाबाहेरून चिंचणीला रिक्षा आणि एसटी मिळते. ओहोटीची वेळ आधी पाहून निघावे. पाणी जसे झपाट्याने जाते तसेच येते, मुलांना खोल जाऊ देऊ नये. दुपारचे ऊन कडक, पिण्याचे पाणी घरून न्यावे. ओढ्याकाठी, खणलेल्या मुरुमात अकीकाचा खडा दिसला तर तो नीट पाहावा. आपोआप फुटलेल्या खड्याच्या कडा कशाही, वेड्यावाकड्या असतात. माणसाने काढलेल्या पात्याच्या एका बाजूला ठोक्याची जागा असते, तिच्याखाली हलकासा फुगवटा येतो, आणि पाठीवर आधी काढलेल्या पात्यांचे समांतर ओरखडे दिसतात. असे काही आढळले तर खिशात घालू नये. शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा, जागा लिहून घ्यावी आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे. जागेवरून उचललेला दगड मुका होतो. आमच्या मुलांनी त्या दिवशी चाळीस-पन्नास खडे जमवले, सगळे साधेच निघाले, आणि शिक्षिका ताईंनी ते एकेक करून परत जागच्या जागी ठेवायला लावले. त्यात अर्धा तास गेला आणि सव्वापाचची गाडी चुकली.